बाईक चालवण्याचं कसब वाढवणारं पुस्तक कसं निवडावं

पाच वर्षं रोज गाडी चालवून झाल्यावर मी रायडिंगची पुस्तकं मनापासून वाचायला घेतली, आणि त्याला कारण झालं एक वळण. डोंगरातला रस्ता, कोरडा, दिवसाउजेडी. वेगही फार नव्हता. वळणात शिरले तेव्हा ते साधं वाटलं, पण अर्ध्यावर गेल्यावर दिसलं की ते पुढे आणखी आवळत चाललंय. मी रेस एकदम सोडली, दोन्ही मुठी गच्च धरल्या आणि नजर खिळली ती बाहेरच्या कडेच्या एका पांढऱ्या दगडावर. गाडी त्या दगडाकडेच निघाली. कशीबशी हातभर अलीकडे थांबली. मी पडले नाही, गाडीला ओरखडाही आला नाही, पण पाय बराच वेळ थरथरत होते.

माझ्या कपाटात तेव्हा रायडिंगची दोन पुस्तकं होती. एक शर्यतीच्या ट्रॅकवर गुडघा टेकवून वळण कसं घ्यावं हे सांगणारं, दुसरं फ्रेम आणि सस्पेन्शनच्या गणिताचं. दोन्ही चांगली होती आणि दोन्हींचा मला त्या वळणात काडीचाही उपयोग झाला नाही. मुखपृष्ठ आवडलं, लोकांनी कौतुक केलं, म्हणून ती घेतली होती.

पुढे शर्यतीच्या ट्रॅकवर बाईक शिकवणाऱ्या कीथ कोड यांच्या 'अ ट्विस्ट ऑफ द रिस्ट' या पुस्तकाचा १९९३ साली आलेला दुसरा भाग वाचताना माझे ते दोन सेकंद मला जसेच्या तसे सापडले. घाबरलेला चालक विनाकारण रेस सोडतो, मुठी आवळतो, त्याची नजर आकसते, मग एका जागी खिळते, आणि गाडी नजर असेल तिकडे जाते. जीव वाचवण्यासाठी शरीर आपोआप जे करतं, तेच गाडीवर घात करतं, हे त्या पुस्तकाचं मुख्य सांगणं आहे. मी ते पान तीनदा वाचलं. माझ्या चुकीला नाव आहे आणि तिच्यावर सराव करता येतो, हे कळल्यावर फार हायसं वाटलं.

तेव्हापासून माझी रीत ठरली आहे: आधी आपली चूक शोधायची, मग त्या चुकीचं पुस्तक. खालच्या सगळ्या पायऱ्या याच रीतीतून आल्या आहेत.

वाचून गाडी चालवता येते का?

हा प्रश्न मला नेहमी विचारला जातो, म्हणून आधी त्याच्याबद्दल. नुसतं वाचून येत नाही, हे उघड आहे. पण नुसतं चालवूनही येत नाही, हे लोकांच्या लक्षात येत नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट आणि सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस भागातल्या सुमारे ९०० मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला, शिवाय ३,६०० पोलीस अहवाल तपासले. त्यांचा अहवाल १९८१ साली प्रसिद्ध झाला. त्यात अपघातात सापडलेल्या चालकांपैकी ९२ टक्के लोक स्वतःच किंवा घरच्यांकडून, मित्रांकडून गाडी शिकलेले होते. संकट दिसल्यापासून धडक होईपर्यंत त्यांच्या हातात साधारणपणे दोन सेकंदही नव्हते.

त्या दोन सेकंदांत बहुतेकांनी काय केलं हे तर जपून ठेवावं असं आहे. मागचा ब्रेक जोरात दाबून मागचं चाक घसरवलं, पुढचा ब्रेक मात्र पुरेसा वापरला नाही, आणि हँडलला योग्य दिशेने ढकलून गाडी झटकन बाजूला काढणं जवळपास कुणालाच जमलं नाही. वर्षानुवर्षं गाडी चालवूनही या गोष्टी येत नाहीत, कारण रोजच्या चालवण्यात त्यांची वेळच येत नाही. त्या वेगळ्याने समजून घ्याव्या लागतात आणि वेगळ्याने गिरवाव्या लागतात. पुस्तकाची जागा तिथे आहे.

पायरी पहिली: पंधरा दिवसांची वही

पुस्तक शोधायला लागण्याआधी पंधरा दिवस एक छोटी वही ठेवा. गाडी लावली, हेल्मेट काढलं की लगेच दोन ओळी लिहायच्या. आज कुठे दचकले? कुठे ब्रेक अपेक्षेपेक्षा जोरात लावावा लागला? कुठे पाय टेकवावा लागला? ट्रॅफिकला, दुसऱ्या गाडीवाल्याला दोष देणारं वाक्य लिहायचं नाही. तो चुकला असेलही, पण त्याच्यासाठी पुस्तक आपण घेत नाही आहोत.

माझ्या वहीतली एक खरी नोंद अशी होती: 'रिक्षा अचानक थांबली. ब्रेक लावला, मागचं चाक किंचित सरकलं. पुढच्या ब्रेकवर दोनच बोटं होती आणि तीही उशिरा गेली.' दुसरी: 'यू-टर्न. निम्म्यात अडकले. जमिनीकडे बघत होते.' पंधरा दिवसांनी वही चाळली तर त्याच त्या दोन-तीन गोष्टी पुन्हा पुन्हा येताना दिसतात. बहुतेकांच्या नोंदी या चारांपैकी एका ठिकाणी गोळा होतात: धोका उशिरा दिसणं, ब्रेक नीट न लागणं, वळणात भीती वाटणं, आणि अगदी हळू वेगात तोल जाणं. ज्या ठिकाणी सगळ्यात जास्त ओळी जमल्या, तिथून सुरुवात करायची. वही न ठेवता मनानेच ठरवलं तर आपण हमखास आपल्याला आवडणारा विषय निवडतो, गरजेचा नाही. मी तसाच गुडघा टेकवण्याचा निवडला होता.

पायरी दुसरी: पुस्तकांच्या जाती ओळखा

रायडिंगची पुस्तकं सगळी एका माळेची नसतात. दुकानात ती एकाच फळीवर असतात, एवढंच.

पहिली जात रस्ता वाचायला शिकवणाऱ्या पुस्तकांची. धोका कुठून येऊ शकतो, चौकात कुठे उभं राहायचं, ट्रकच्या मागे किती अंतर ठेवायचं, आपण दुसऱ्याला दिसतोय का, हा त्यांचा विषय. डेव्हिड हफ यांचं 'प्रोफिशियंट मोटरसायकलिंग' हे या जातीतलं माझं आवडतं. ते २००० साली आलं आणि २००८ साली त्याची दुसरी आवृत्ती निघाली. ब्रिटिश पोलिसांच्या प्रशिक्षणातून आलेलं 'मोटरसायकल रोडक्राफ्ट'ही याच जातीचं, फक्त शिस्तीला जास्त कडक. त्यात प्रत्येक धोक्याकडे जाताना एक ठरलेला क्रम शिकवतात: माहिती घ्या, रस्त्यावरची आपली जागा ठरवा, वेग ठरवा, गिअर निवडा, मग बाहेर पडताना रेस द्या. पहिले काही दिवस हा क्रम मनात म्हणताना अवघडल्यासारखं होतं. महिनाभराने तो हातात बसतो आणि मग गिअर टाकताना ब्रेक, ब्रेक लावताना वळण, अशी सरमिसळ आपोआप थांबते.

याच जातीच्या पुस्तकांतून मला मिळालेली सगळ्यात मोलाची गोष्ट सांगते. समोरचं वळण किती आवळ आहे हे ओळखायचं असेल, तर रस्त्याच्या दोन्ही कडा दूरवर जिथे एकमेकींना मिळाल्यासारख्या दिसतात त्या बिंदूकडे बघायचं. तो बिंदू आपल्यापासून पुढे पळत असेल तर वळण उघडतंय. जागच्या जागी थांबल्यासारखा किंवा आपल्याकडे येताना दिसला तर वळण आवळतंय, वेग आत्ताच कमी करायचा. त्या पांढऱ्या दगडाच्या वळणात हे माहीत असतं तर मला वळणात शिरण्याआधीच कळलं असतं.

दुसरी जात हातापायांच्या कौशल्याची: ब्रेक, क्लच, रेस, हँडल, शरीराची बैठक. ली पार्क्स यांचं 'टोटल कंट्रोल' हे या जातीतलं. वहीत ब्रेक किंवा वळण जास्त वेळा आलं असेल तर ही जात बघा.

तिसरी जात ट्रॅकची. ही वाईट नाही. कोड यांची पुस्तकं मुळात शर्यतीच्या ट्रॅकवर शिकवण्यातूनच आली आहेत, आणि मला त्यांचा झालेला फायदा वर सांगितलाच. पण ट्रॅकवर समोरून कुणी येत नाही, वळणात वाळू सांडलेली नसते आणि रस्त्याची पूर्ण रुंदी आपली असते. वळणात बाहेरून आत, आतून पुन्हा बाहेर जाण्याची जी रेषा या पुस्तकांत काढलेली असते, ती रस्त्यावर आपल्या लेनच्या आतच बसवावी लागते, आणि जिथे पुढचं दिसत नाही तिथे ती सोडूनच द्यावी लागते. या जातीतून घ्यायची ती नजर, हाताचा हलकेपणा आणि घाबरल्यावर काय होतं याची समज. वेग घ्यायचा नाही.

चौथी जात यंत्राच्या गणिताची. ज्यांना गाडी अशी का वागते हे मुळापासून समजून घेण्याची ओढ आहे त्यांच्यासाठी ती मेजवानी आहे. चालवणं सुधारायचं असेल तर ती शेवटी. प्रवासवर्णनं वाचायला सुंदर असतात, मीही वाचते, पण या यादीत ती येत नाहीत.

पायरी तिसरी: वीस मिनिटांची परीक्षा

जात ठरली की समोर दोन-तीन पुस्तकं येतात. विकत घेण्याआधी प्रत्येकाला वीस मिनिटं द्या. दुकानात उभ्याने, ग्रंथालयात किंवा इंटरनेटवर दाखवलेल्या नमुना पानांत. प्रस्तावना सोडून द्या. थेट दोन जागा उघडा.

पहिली जागा म्हणजे गाडी वळवण्याचं पान. थोडा वेग असताना बाईक उजवीकडे वळवायची तर उजवी मूठ पुढे ढकलावी लागते. ऐकायला उलटं वाटतं. मूठ ढकलली की पुढचं चाक क्षणभर डावीकडे वळतं, त्यामुळे गाडी उजवीकडे कलते, आणि मग ती उजवीकडे वळते. प्रत्येक चालक हे नकळत करतच असतो. विमान बनवण्याआधी सायकली बनवणाऱ्या विल्बर राइट यांच्याही लक्षात आलं होतं की सायकलवाले वळण्याआधी हँडल किंचित उलट्या दिशेला नेतात आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नसतो. प्रश्न असतो तो संकटात हे जाणूनबुजून, झटकन आणि पुरेशा जोराने करण्याचा. पुस्तक ही गोष्ट कारणासकट सांगत असेल आणि करून बघायला एखादा सोपा प्रयोग देत असेल, तर ते पास. 'शरीर झुकवा, गाडी आपोआप वळते' एवढ्यावरच थांबलं असेल, तर ते खाली ठेवा.

दुसरी जागा ब्रेकची. ब्रेक लावला की वजन पुढे सरकतं. पुढचा टायर जमिनीवर जास्त दाबला जातो, त्याची पकड वाढते, मागच्याची कमी होते. म्हणून गाडी थांबवण्याचं मुख्य काम पुढचा ब्रेक करतो. आणि म्हणूनच तो एकदम आवळायचा नसतो, आधी हलका घेऊन वजन पुढे येऊ द्यायचं, मग दाब वाढवत न्यायचा. ही साखळी पुस्तकात पूर्ण आहे का बघा. 'पुढच्या ब्रेकपासून जपून राहा' अशी नुसती भीती घालणारं पुस्तक मी कुणालाच सुचवणार नाही.

ही दोन पानं बघून झाल्यावर आणखी एक गोष्ट शोधायची: पुस्तकात सराव किती आहेत? म्हणजे 'इतक्या वेगाने या, इथे हे करा, असं झालं तर बरोबर, तसं झालं तर चूक' अशा शब्दांत लिहिलेले. एका प्रकरणाला किमान एक तरी सराव हवा. चूक झाली हे चालकाला एकट्याला कसं ओळखता येईल हे ज्या लेखकाने लिहिलंय, त्याने माणसांना खरोखर शिकवलेलं असतं. मला हा निकष बाकी सगळ्यांपेक्षा मोठा वाटतो.

आकड्यांकडेही एक नजर टाका. ६० किलोमीटर वेगाला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते, आणि वेग दुप्पट झाला की ब्रेकने थांबायला लागणारं अंतर चौपट होतं. अशी कुठेही खरी ठरणारी गणितं देणारा लेखक भरवशाचा. उलट 'हे वळण तिसऱ्या गिअरमध्येच घ्या', 'गाडी इतके अंश कलवा' असं गाडी, टायर, रस्ता काहीच न विचारता सांगणारा असेल तर जरा सांभाळून.

पायरी चौथी: साल, बाजू आणि भाषा

साल बघायचं ते मुख्यतः ब्रेकसाठी. बीएमडब्ल्यूच्या के-१०० मालिकेत १९८८ साली मोटरसायकलवर पहिल्यांदा इलेक्ट्रॉनिक एबीएस, म्हणजे ब्रेक लावताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, आलं, आणि सर्वसामान्य गाड्यांपर्यंत ते पोचायला पुढे बरीच वर्षं गेली. वळणात कललेल्या गाडीचा हिशेब ठेवणारं एबीएस तर २०१३-१४ च्या सुमारास रस्त्यावर आलं. त्यामुळे जुन्या पुस्तकांत चाक जाम झालं की ब्रेक सोडून पुन्हा कसा लावायचा यावर पानंच्या पानं असतात. तुमच्या गाडीला एबीएस नसेल तर ती पानं आजही सोन्यासारखी आहेत. एबीएस असेल तर संकटात ब्रेक ठामपणे दाबून धरून ठेवायचा असतो आणि मुठीला किंवा पायाला जाणवणारे ठोके मनावर घ्यायचे नसतात. मात्र नजर, वळण आणि रस्ता वाचणं या बाबतीत जुनं पुस्तक जुनं होत नाही. केवळ साल बघून चांगलं पुस्तक नाकारू नका.

बाजूची गोष्ट जास्त गंभीर आहे आणि तिच्याकडे कुणी लक्ष देत नाही. या विषयावरची बरीच प्रसिद्ध पुस्तकं अमेरिकन आहेत, आणि तिथे वाहतूक उजवीकडून चालते. डावीकडून चालवणाऱ्याने त्यातली आकृती तशीच डोक्यात बसवली तर तो नेमका चुकीच्या बाजूला जाईल. चौकाचं उदाहरण घ्या. समोरून येणारी गाडी आपल्या पुढ्यातून आडवी वळते, हा मोटरसायकलवाल्यांसाठी सगळ्यात घातक प्रसंगांपैकी एक. अमेरिकन पुस्तकात ती गाडी तिच्या डावीकडे वळत असते. डावीकडून वाहतूक असेल तिथे ती उजवीकडे वळते. आंधळ्या वळणाचंही तसंच. डावीकडून चालवताना डाव्या वळणात लांबवर दिसावं म्हणून लेनच्या मधल्या रेषेकडच्या भागात राहायचं असतं आणि उजव्या वळणात डाव्या कडेकडे. अमेरिकन पुस्तकात हे बरोबर उलट छापलेलं असतं.

यावर माझा उपाय अगदी साधा आहे. आकृतीचं पान आरशासमोर धरायचं आणि आरशात दिसेल तशी ती वहीत काढून घ्यायची. हाताने काढल्यामुळे ती लक्षातही राहते. ब्रिटिश पुस्तकांना हा खटाटोप लागत नाही, कारण तिथेही वाहतूक डावीकडूनच आहे. दोन सारखीच चांगली पुस्तकं समोर असतील आणि तुम्ही डावीकडून चालवत असाल तर ब्रिटिश निवडा. वेग मैलात दिला असेल तर १.६ ने गुणायचं. ३० मैल म्हणजे सुमारे ४८ किलोमीटर.

आणि भाषा. ही पुस्तकं बहुतेक इंग्रजीत आहेत आणि काहींची वाक्यं चांगलीच लांबलचक. अडलं म्हणून पुस्तक टाकून देऊ नका. वहीच्या शेवटच्या पानावर आपल्या शब्दांची यादी करा. ट्रॅक्शन म्हणजे पकड. थ्रॉटल म्हणजे रेस. लीन म्हणजे गाडीचा कल. एपेक्स म्हणजे वळणाच्या आतल्या कडेला आपण सगळ्यात जवळ जातो ती जागा. वीस-पंचवीस शब्दांत अख्खं पुस्तक उलगडतं. शिवाय गाडीवर बसल्यावर मनातल्या मनात स्वतःला जी सूचना द्यायची, ती आपल्या भाषेत असली की लवकर अंगात उतरते. मी वळणात स्वतःला 'हात सैल, नजर लांब' म्हणते. ते कुठल्याच पुस्तकात नाही, पण पुस्तकातूनच आलंय.

दोन पुस्तकं भांडायला लागली तर

दुसरं-तिसरं पुस्तक हातात आलं की हे होणारच. सगळ्यात प्रसिद्ध भांडण वळणातल्या ब्रेकचं आहे. कोड शिकवतात की एकदा रेस उघडली की ती वळण संपेपर्यंत एकसारखी, हलक्या हाताने वाढवत न्यायची. निक आयनाच यांच्या 'स्पोर्ट रायडिंग टेक्निक्स'मध्ये वळणात शिरतानाही ब्रेकचा हलका दाब ठेवून तो हळूहळू सोडत नेण्यावर भर आहे. नवखा वाचक इथे गोंधळतो आणि दोन्ही सोडून देतो.

भांडण दिसलं की दोन प्रश्न विचारा. दोघे एकाच क्षणाबद्दल बोलतायत का? इथे बऱ्याच अंशी नाही. एकजण रेस उघडल्यानंतरचं सांगतोय, दुसरा ती उघडण्याआधीचं. आणि दुसरा प्रश्न, दोघांचं एकमत कशावर आहे? ते इथे पक्कं आहे: काहीही एकदम करायचं नाही. टायरची पकड म्हणजे एकच घागर समजा. त्यातून ब्रेकने जितकं घेतलं तितकं वळायला कमी उरतं. म्हणून गाडीचा कल वाढत जाईल तसा ब्रेक सुटत जायला हवा, आणि गाडी सरळ होत जाईल तशी रेस वाढायला हवी. हे समजलं की दोन्ही पुस्तकं एकाच गोष्टीची दोन टोकं वाटायला लागतात. अजून वळणाची भीती गेली नसेल तर वेग वळणाआधीच, गाडी सरळ असताना, पुरता कमी करून घ्या. वळणात ब्रेक ठेवणं ही नंतरची पायरी, आणि ती समोर शिकवणाऱ्या माणसाकडून शिकलेली बरी.

पायरी पाचवी: पानावरून मैदानावर

कोड यांच्या पहिल्या भागात एक कल्पना आहे: चालकाचं लक्ष म्हणजे खिशातली दहा डॉलरची नोट. नवखा पाच डॉलर क्लचवर, चार तोलावर घालवतो, रस्त्यासाठी उरतो एक. सरावाने एकेक गोष्ट स्वस्त होत जाते. मी हीच कल्पना वाचण्याला लावते. एका आठवड्याला एकच प्रकरण, आणि त्यातलं एकच काम. सबंध पुस्तक शनिवार-रविवारात संपवून सोमवारी सगळं एकदम आठवायला गेलात तर दहाच्या दहा डॉलर पुस्तकावरच खर्च होतात आणि समोरची बस दिसत नाही.

ब्रेकचं प्रकरण घेतलं तर माझा आठवडा कसा जातो ते सांगते. आधी गाडी स्टँडवर लावून, इंजिन बंद, नुसती लिव्हर दाबण्याचा सराव: मनात एक-दोन-तीन म्हणत, हलकं-जास्त-पूर्ण. मग सुट्टीच्या दिवशी सकाळी रिकामं, सपाट, कोरडं, पक्क्या पृष्ठभागाचं पटांगण. तिथे मालकाची किंवा संबंधितांची परवानगी असावी. पूर्ण हेल्मेट, जाकीट, हातमोजे, बूट, आणि कडेला लक्ष ठेवायला एक ओळखीचं माणूस. आधी चालत जाऊन खडे, तेलाचे डाग बघून घ्यायचे. खडूने एक रेघ. ३० किलोमीटर वेगाने सरळ यायचं, रेघेवर पुढचं चाक आलं की दोन्ही ब्रेक सुरू करायचे, नजर समोर लांबवर, क्लच दाबलेला. थांबल्यावर रेघेपासून पुढच्या चाकापर्यंत पावलं मोजायची आणि वहीत लिहायची.

पहिल्या दिवशी माझी चौदा पावलं भरली. दहा-बारा फेऱ्यांनंतर अकरा. चौथ्या आठवड्याला नऊ-दहावर स्थिरावली, आणि खरा बदल पावलांत नव्हताच. आधी गाडी थांबताना नाक खाली आपटायचं, माझे खांदे कानाशी जायचे. आता पुढचं सस्पेन्शन सावकाश खाली बसत होतं आणि मला बोटांत टायरची पकड 'कळत' होती. पुस्तकात लेखकाने दाब वाढवत नेण्याबद्दल जे लिहिलं होतं ते मी आधी चार वेळा वाचलं होतं. त्याचा अर्थ मला त्या पटांगणात लागला. घरी येऊन ते पान पाचव्यांदा वाचलं आणि समासात तारीख घातली.

दहा-बारा फेऱ्यांच्या वर जाऊ नका, हात थकले की चुकाच पक्क्या होतात. वेग वाढवायचा तर पाच-पाच किलोमीटरने, आणि चाक जाम होत असेल तर लगेच मागे यायचं. पुस्तक तुमच्याकडे बघू शकत नाही, ही त्याची मोठी मर्यादा. म्हणून फोन एका दगडाला टेकवून एखादी फेरी चित्रित करा. स्वतःची नजर कुठे आहे हे त्यात दिसलं की बहुतेकांना धक्का बसतो. जवळपास प्रशिक्षण वर्ग असेल तर पुस्तक वाचून, प्रश्न लिहून तिथे जा. वाचून गेलेल्या माणसाला तिथला एक दिवस तीन दिवसांइतका लाभतो.

पुढचं पुस्तक कधी?

पंधरा दिवसांची वही पुन्हा ठेवा. ज्या चुकीसाठी पुस्तक घेतलं तिच्या ओळी कमी झाल्या आणि दुसऱ्याच कशाच्या वाढल्या, की पुस्तक बदलायची वेळ झाली. ओळी तेवढ्याच राहिल्या असतील तर नवीन पुस्तक घेऊ नका. त्याच पुस्तकातला सराव पुन्हा करा, बहुतेक वेळा आपण तो घाईने उरकलेला असतो.

छापील पुस्तक घ्यावं की फोनवरचं, यात फार अडकू नका. आकृत्या मोठ्या दिसतात आणि समासात लिहिता येतं म्हणून मी छापील घेते. जुनं, वापरलेलं मिळालं तरी उत्तम.

जुनी पुस्तकं देऊन टाकू नका. ते गुडघा टेकवण्याचं माझं पहिलं पुस्तक सात वर्षांनी मी पुन्हा उघडलं. ज्या पानावर मी तेव्हा चित्र बघून थांबले होते, त्याच पानावर खाली दोन ओळी होत्या: हात हँडलवर नुसते टेकलेले ठेवा, वजन मांड्यांनी आणि पायांनी पेला. त्या ओळींखाली मी आता रेघ मारली आहे, आणि या आठवड्याचा माझा सराव तोच आहे.